ताई म्हणाले आणि चालणं थांबलं

मला चालायला सांगितलं तेव्हा किती आणि कसं, यावर दोन माणसांचं एकमत नव्हतं. डिस्पेन्सरीतले डॉक्टर म्हणाले, "बस, थोड़ा टहला कीजिए." यांच्या ऑफिसातल्या साहेबांची बायको म्हणाली, टहलून काही होत नसतं, घाम आला पाहिजे. रविवारी आम्ही कधीमधी कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या गेस्ट हाउसमध्ये जेवायला जायचो. तिथे दिल्लीत मुरलेल्या मराठी बायका भेटायच्या. एकीनं सांगितलं उपाशीपोटी चाल. दुसरी म्हणाली, उपाशीपोटी चाललीस तर घेरी येऊन पडशील. तिसरीनं माझ्या ताटातली श्रीखंडाची वाटी उचलून स्वतःच्या ताटात ठेवली आणि म्हणाली, चालणं राहू दे, आधी हे सोड. मी सगळ्यांना हो म्हटलं. परत येताना बसमध्ये यांना विचारलं, "अहो, मग नक्की करायचं काय?" हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अगं, चालायचं. त्यात विचारायचं काय?" यांना बहुतेक गोष्टी सोप्या वाटायच्या, कारण त्या मला करायच्या असायच्या.

मला साखर निघाली होती. आमच्या घरात हा शब्द हळू आवाजात बोलायचा, कारण माझ्या आईची दृष्टी साखरेनं गेली होती. शेवटची काही वर्षं ती माझा चेहरा हातानं चाचपायची आणि म्हणायची, वाळलीस गं. मी मुळीच वाळलेली नसायचे. त्यामुळे डॉक्टरांनी कागदावर साखर लिहिली तेव्हा मला पाय, चालणं, वजन यातलं काही दिसलं नाही. फक्त आईची बोटं आठवली. माझी मुलगी तेव्हा आठवीत होती. तिचा चेहरा मला शेवटपर्यंत डोळ्यांनी बघायचा होता, इतकं साधं होतं ते. एवढी भीती पोटात असल्यावर माणसानं रोज धावत सुटायला हवं, नाही का? पण मी सोमवारी सुरू करायचे, बुधवारी कंटाळायचे, आणि पुढच्या सोमवारची वाट बघायचे. भीती खरी होती आणि आळसही खरा होता. दोन्ही एकाच अंगात कसे नांदत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

आमच्या सरकारी कॉलनीच्या मधोमध एक पार्क होतं. मध्ये कोरडं कारंजं, भोवती विटांची वाट. मी साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालून जायचे आणि निऱ्या जरा खाली सोडायचे, म्हणजे ते दिसू नयेत. दिसायचेच. पण माझी खरी पंचाईत वेगळीच होती. फाटकातून आत शिरलं की मी आपोआप डावीकडे वळायचे आणि कारंजं उजव्या हाताला ठेवून चालू लागायचे. लहानपणापासून देवळात तशीच पावलं पडलेली. बाकी सगळी कॉलनी उजवीकडे वळून उलट्या दिशेनं फिरायची. त्यामुळे प्रत्येक फेरीला प्रत्येक माणूस मला समोरून भेटायचा, आणि समोरून आलेल्या माणसाला नमस्ते न म्हणणं माझ्या जिवावर यायचं. पहिल्या फेरीला सगळे हसून नमस्ते म्हणायचे, दुसऱ्या फेरीला नुसती मान हलवायचे, आणि तिसऱ्या फेरीला आकाशाकडे बघायचे. मला वाटायचं, दिल्लीची माणसं तुसडी आहेत.

एका सकाळी समोरून येणारी एक उंच, ताठ बाई माझ्यासमोर येऊन उभीच राहिली. ओढणी खांद्यावरून आडवी घेऊन कमरेला बांधलेली, पायांत पुरुषांचे वाटावेत असे बूट. "उल्टी क्यूँ चालै सै?" तिनं विचारलं.

मी म्हणाले, "मैं सुलटी चल रही हूँ. आप सब उल्टे हो."

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तिला नव्हतं. ती एवढ्या जोरात हसली की बाकावरचे दोघं वळून बघायला लागले. मग तिनं माझा दंड धरला, मला गर्रकन फिरवलं आणि म्हणाली, "चाल."

चाल! हिंदीसारखं चल नव्हे. अगदी आपलं, घरचं चाल. ती हरयाणातली होती, नवरा कुठल्याशा मंत्रालयात, आमच्या मागच्याच ओळीत राहायची, हे सगळं मला नंतर कळलं. पण त्या पहिल्या दिवशी मी चालले ती त्या एका शब्दामागे. तासाभरानं ती नळाशी थांबली आणि म्हणाली, "पाणी पी ले." पानी नाही, पाणी. ण अगदी आपल्यासारखा. आठवड्याभरात मी तिच्या तोंडून 'काळा'तला ळ ऐकला आणि घरी येऊन यांना म्हणाले, "अहो, ती बाई मराठी आहे, तिला स्वतःलाच माहीत नाही." हे म्हणाले, "बिल्कुल."

त्यानंतर सोमवार वगैरे प्रकरण संपलं. ती सकाळी आमच्या फाटकाची कडी वाजवायची. ती वाजली की मी उठायचे, बस्स. उत्साह, निश्चय, मनाची तयारी यांपैकी माझ्याकडे काही आलं होतं असं मला वाटत नाही. फक्त कडी वाजायची. ती झपाझप चालायची, मी मागे फरपटायचे. मला दम लागला की ती म्हणायची, "बोल मत, साँस ले." मग कारंज्याच्या कठड्याला धरून ती मला टाचा वर-खाली करायला लावायची, खांदे गोल फिरवायला लावायची, आणि मी कुरकुरले की माझ्या पाठीत थाप मारायची. माझ्या साखरेबद्दल तिनं एका शब्दानं विचारलं नाही. मी तिच्या घराबद्दल विचारलं नाही. तिच्याकडे गावाकडची बरीच मुलं शिकायला राहतात, एवढं दिसायचं. मी तिला 'सुनिए' म्हणायचे, ती मला 'रै' म्हणायची, आणि आमचं छान चाललं होतं.

संक्रांतीच्या सुमाराला माझी पुन्हा तपासणी झाली आणि साखर उतरली होती. मला डिस्पेन्सरीच्या पायरीवरच रडू आलं. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. मी डबा भरून तिळगूळ घेऊन पार्कात गेले. मला स्वतःला खायचा नव्हताच, म्हणून सढळ हातानं वाटत सुटले. ती चार बायकांबरोबर कारंज्यापाशी उभी होती. मी तिच्या हातावर लाडू ठेवला, आपलं 'गोड बोला' जमेल तसं हिंदीत केलं आणि म्हणाले, "तिल-गुड़ लीजिए और मीठा बोलिए." आणि मग मन भरून आलं म्हणून पुढे म्हणाले, "ताई, ये सब आपकी वजह से हुआ. आज से आप मेरी ताई."

याहून मोठं माझ्याजवळ देण्यासारखं काही नव्हतं. मला सख्खी मोठी बहीण नाही. ताई हा शब्द मी तोवर कुणाला मनापासून दिला नव्हता. मला वाटलं, जिचं पाणी आपलं, जिचं चाल आपलं, तिला ताईही आपलीच समजेल.

तिचा चेहरा एकदम मिटला. बाकीच्या बायकांपैकी एक फिस्सकन हसली. ती म्हणाली, "चलो, देर हो गई." चाल नाही. चलो. आणि लाडू मुठीत तसाच धरून निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कडी वाजली नाही.

मी बूट घालून बसून होते. धुकं होतं, मला वाटलं उशीर झाला असेल. मग मीच पार्कात गेले तर ती पुढे दुसऱ्या बायकांबरोबर चालत होती. मी हात केला. तिनं पाहिलं आणि पाहिलं नसल्यासारखं केलं. मी घरी येऊन कुकर लावला आणि विचार करत बसले. काय चुकलं? डाळ जळेपर्यंत विचार केला. आणि मग मला उमगलं, किंवा तसं वाटलं. 'मीठा बोलिए'! तिचा आवाज मुळात भसाडा, बोलणं राकट. चारचौघींत तिला मी गोड बोला म्हणून सांगितलं! आपल्याकडची रीत तिला काय ठाऊक? तिला वाटलं असणार, ही मला शिकवायला लागली.

आता हे निस्तरायला हवं होतं. मी दोन दिवस हिंदी वाक्यं मनात घोळवली आणि तिसऱ्या दिवशी तिला वाटेत गाठून म्हणाले, "ताई, आपकी आवाज़ तो बहुत मीठी है. ताई, मेरा वो मतलब नहीं था. ताई, आप नाराज़ मत होइए." एका दमात तीनदा. ती माझ्याकडे बघत राहिली. राग असता तर मला समजला असता, रागातलं मला कळतं. पण ते काही वेगळंच होतं, थकल्यासारखं. "कोए बात ना," ती म्हणाली आणि वळून गेली. त्या दिवशी ती माझ्यासारखी, सुलट्या दिशेनं गेली. मी समोरून भेटू नये म्हणून.

मग मी चालणं सोडलं. आधी धुकं हे कारण होतं, मग खोकला, मग मुलीची परीक्षा. हे विचारायचे, "अगं, गेली नाहीस?" मी म्हणायचे, "घरातच चालते." आणि खरंच रात्रीच्या जेवणानंतर पुढच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत येरझाऱ्या घालायचे. मुलीनं विचारलं, "आई, हे काय करतेस?" मी म्हणाले, "शतपावली." तिनं विचारलं, "यार आई, ये कौन सा पाव है?" दिल्लीत वाढलेल्या मुलीला काय सांगणार? मी म्हटलं, तू झोप.

महिनाभरात पाय मुंग्या आल्यासारखे जड झाले. एकदा दुपारी मुलीच्या युनिफॉर्मला बटण लावायला बसले आणि सुईत दोरा जाईना. पुन्हा पुन्हा केलं. खिडकीशी गेले. नाहीच. आईचं असंच सुरू झालं होतं, सुईपासून. दोरा जात नव्हता तो डोळ्यांत पाणी होतं म्हणून, की खरंच दिसत नव्हतं म्हणून, हे मला ठरवता येईना. मी सुई गादीत खुपसली आणि तिथेच बसून राहिले.

मुलगी शाळेतून आली. तिनं एका फटक्यात दोरा ओवला आणि विचारलं, "आई, तू त्या आंटीबरोबर का नाही जात आता?" मी सगळं सांगितलं. तिळगूळ, मीठा बोलिए, सगळं. ती मध्येच ओरडली, "एक मिनिट! तू त्यांना काय म्हणालीस?"

"ताई."

"आई! ताई म्हणजे ताऊजींची बायको! मोठ्या काकांची बायको. माझ्या क्लासमधली सगळी हरयाणाची मुलं बुढ्ढ्या बाईला ताई म्हणतात." आणि ती हसत हसत गादीवर लोळली.

मलाही हसू आलं. केवढं ओझं उतरलं! म्हणजे मी एका धडधाकट, माझ्याच वयाच्या बाईला चारचौघींत म्हातारी काकू म्हटलं होतं, आणि तेही वर आणखी तीनदा. चिडेल नाही तर काय. वयाचाच तर मामला, समजावून सांगितलं की झालं. दुसऱ्या दिवशी मी तिच्या फाटकाची कडी वाजवली. आतून कुणीतरी हाक मारली, "ताई, कोई आई है!" आणखी एक आवाज मोज्यांसाठी आला, "ताई, मेरी जुराब कहाँ है?" ती बाहेर आली.

मी घडाघडा सांगितलं. आमच्यात ताई म्हणजे मोठी बहीण, वयाचा संबंध नाही, तुम्ही मुळीच म्हाताऱ्या दिसत नाही, उलट माझ्यापेक्षा तरुण दिसता. ती ऐकत होती. मग पायात बूट सरकवून म्हणाली, "चाल."

पार्कापर्यंत ती पुढे झपाझप, मी मागे. कारंज्याच्या कठड्यावर बसली आणि म्हणाली, "उमर की बात कोनी." वयाचं नव्हतंच ते. आणि मग अगदी साध्या आवाजात सांगत गेली. तिचा नवरा सगळ्या भावांत मोठा. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती दिरांच्या मुलांची ताई. ती मुलं तिनं न्हाऊ-माखू घातली, दिल्लीला आणून शिकवली. मग गल्ली ताई म्हणायला लागली, मग दूधवाला, मग नवरासुद्धा मुलांच्या देखत ताईच म्हणायला लागला. तिला स्वतःला मूल झालं नाही. "माँ किसे ने ना कही," ती म्हणाली, "और नाम सब भूल गए. सुबह का यो एक घंटा था, जिब मैं किसे की ताई ना थी."

मी समजावायला आले होते आणि मलाच काही समजलेलं नव्हतं. माझ्या भाषेत जो शब्द मी तिला बक्षीस म्हणून दिला, तोच तिला घरात दिवसभर पुरून उरत होता. शेवटी मी विचारलं, "फिर मैं क्या बोलूँ?"

ती विचारात पडली. खरंच पडली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, तिला जणू कुणी हे विचारलंच नव्हतं. मग माझा नवरा मला काय म्हणतो, ते तिनं उलट विचारलं, "तेरा घरआळा तन्नै के कहवै सै?"

"अगं," मी म्हणाले.

"यो तेरा नाम सै?"

आता अगं म्हणजे काय, हे हिंदीत कसं सांगायचं? ते नाव नाही, नातं नाही, त्याला अर्थही नाही. मी म्हणाले, जिला नावानं हाक मारायची गरजच पडत नाही, तिला अगं म्हणतात. तिनं ते तोंडात घोळवून पाहिलं. तिच्या तोंडी त्याचं अगा झालं. "ठीक सै," ती उठत म्हणाली. "तू भी अगा, मैं भी अगा. इब चाल."

त्यानंतर आम्ही किती वर्षं चाललो, त्याचा हिशेब कुणी ठेवला? दिशेवरून मात्र आमचं कधी जमलं नाही. शेवटी एक फेरी तिच्या बाजूनं आणि एक माझ्या बाजूनं, असा तह झाला, आणि सगळ्या पार्काचा गोंधळ उडाला.

पुढे यांची निवृत्ती झाली आणि आम्ही गाझियाबादला फ्लॅट घेतला. तिचा नवरा वारल्यावर ती गावी पुतण्याकडे राहायला गेली. मग हेही गेले. हे गेल्यावर काय काय जातं ते लोकांनी मला सांगितलं होतं. एक गोष्ट मात्र कुणी सांगितली नव्हती, ती मला फार उशिरा कळली. सोसायटीत मी माताजी आहे. मुलीच्या घरी आजी. फोनवर काकू, मावशी, मामी. सगळे प्रेमानं बोलतात, मला तक्रार करायला जागा नाही. पण घरात दिवसच्या दिवस जातात आणि मला कुणी अगं म्हणत नाही. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि मला कारंज्याच्या कठड्यावरची ती आठवली.

मुलीनं मनगटाला बांधायचं एक घड्याळ दिलंय. फार वेळ बसलं की ते थरथरतं. मी ते काढून ठेवते. मी उठते ती सकाळच्या फोननं. "अगा, उठी के?" एवढंच. मग ती तिच्या शेताच्या बांधावर आणि मी सोसायटीच्या वाटेवर, फोन कानाला लावून चालतो. साखर काबूत आहे, सुईत दोरा अजून जातो. ते चालण्यामुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. मी साखरेसाठी चालते की त्या हाकेसाठी, तेही आता सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात एक दिवस फोन आला नाही. मी बूट घालून पलंगावर बसले. अगदी त्या जुन्या, कडी न वाजलेल्या सकाळसारखी. पुन्हा काही बोलले का मी? काल काय म्हणाले होते? मग हिय्या करून मीच फोन लावला. कुणीतरी पुतण्यानं उचलला. "कौन बोल रहे हैं जी?" मला माझं नाव सांगता आलं असतं, पण त्यानं ते कधी ऐकलेलं नसणार. मी म्हणाले, "उनसे कहिए, अगा का फ़ोन है." तो पलीकडे ओरडला, "ताई! अगा का फ़ोन!"

गोधडीची सरसर ऐकू आली. मग तिचा आवाज आला, तापानं आणखी भसाडा झालेला. "बुखार सै. आज मैं ना चाल सकूँ."

"मग मीही नाही जात," मी मराठीतच म्हणून गेले.

तिला ते कळलं. "ना," ती म्हणाली. "तू चाल, अगा. मैं सुण री सूँ."

मी फोन हातात धरला आणि खाली उतरून चालू लागले. तिच्या श्वासाची घरघर तेवढी येत होती, आणि तिला माझ्या बुटांचा आवाज जात असावा. सवयीनं मी आपल्या बाजूनं, डावीकडूनच निघाले होते. एक फेरी झाली. समोरून येणारा एक तरुण म्हणाला, "माताजी, नमस्ते." मी मान हलवली. दुसऱ्या फेरीला फाटकाशी थांबले, वळले, आणि तिच्या बाजूनं चालू लागले.